आमदाराचा सत्कार

माझा मोठा भाऊ कॅनडाच्या पार उत्तरेला आमदार होता. पूर्वी हे मी इथे आयर्लंडमध्ये, वॉटरफोर्डच्या मराठी मंडळींत जरा आवाज चढवूनच सांगायचे. आता कुणी विचारलं तर सांगते, नाहीतर गप्प बसते. त्याची आमदारकी गेली त्यात त्याची स्वतःची चूक होती, आईची हौस होती आणि माझा खोटेपणा होता. लोकांना मी पहिल्या दोन गोष्टी सांगत आले. तिसरी इथे लिहिते आहे.

दादा तिकडे गेला तो काही राजकारणासाठी नव्हे. तो पाणीपुरवठ्याचा इंजिनियर. उत्तरेतल्या एका बर्फाळ गावात पाणी शुद्ध करण्याचं केंद्र चालवायला माणूस हवा होता आणि तिथे जायला कुणी धजत नव्हतं. त्या गावात जमिनीखाली पाइप टाकता येत नाहीत, कारण जमीन बाराही महिने गोठलेली. त्यामुळे घरोघरी टँकरने पाणी पोचवतात. आम्ही मराठवाड्यातले. आई म्हणायची, टँकरपासून सुटका व्हावी म्हणून लेकराला शिकवलं, तर ते टँकरच्याच गावाला जाऊन बसलं.

दोन वर्षांसाठी गेलेला दादा तिथेच राहिला. बाहेरून आलेले शिक्षक, नर्सेस, पोलीस वर्षभरात पळ काढत. हा पळाला नाही, एवढ्यावरच लोकांनी त्याला आपला मानलं. मोडलेली टाकी दुरुस्त करायला उणे चाळीसमध्येही हा स्वतः जायचा, आणि मग त्या घरी बसून वाळवलेले मासे खाऊन यायचा. जन्मभर शाकाहारी असलेला माझा भाऊ! हे आईला मी कधीच सांगितलं नाही. आधी तो गावच्या कौन्सिलवर गेला, मग गावाचा मेयर झाला, मग त्या प्रदेशाच्या विधानसभेत निवडून आला. तिथे पक्ष नसतात. प्रत्येक जण स्वतःच्या नावावर निवडून येतो आणि मग सगळे मिळून आपल्यातूनच मंत्री निवडतात. त्याच्या मतदारसंघात तीन गावं, आणि त्यांना जोडणारा रस्ता फक्त हिवाळ्यात, नदी गोठली की. मतदार इतके थोडे की प्रत्येकाला हा नावाने ओळखायचा. दुसऱ्यांदा निवडून आला तेव्हा त्याला मंत्री केलं. आईच्या लेखी मात्र तो आमदारच राहिला. मंत्री लांब कुठेतरी मुंबईत असतात, आमदार दारात येतो, असा तिचा हिशेब.

आमदार म्हटलं की आईला काय व्हायचं, ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाबा तहसील कचेरीत कारकून होते. सगळा जन्म त्यांनी आमदारांपुढे हात जोडून उभं राहण्यात घालवला. निवृत्तीच्या दिवशी कचेरीच्या आवारात त्यांचा सत्कार ठेवला होता आणि शाल-श्रीफळ आमदारांच्या हस्ते होतं. आई नवीन लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती, मी तिच्या शेजारी. आमदार दोन तासांनी येतो म्हणाले, मग तीन तासांनी, मग आलेच नाहीत. शेवटी हेडक्लार्कने घाईघाईत बाबांच्या खांद्यावर शाल टाकली, तोवर निम्मे लोक चहा पिऊन निघून गेले होते. आईने ती शाल कधी वापरली नाही आणि कुणाला दिलीही नाही.

२०२०च्या जानेवारीत आई माझ्याकडे तीन महिन्यांसाठी आली. बाबा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि ती इथेच अडकली. आयर्लंडभर अशा अडकलेल्या आया आणि सासवा बऱ्याच होत्या. कुणी टॅलाला मुलीच्या बाळंतपणासाठी आलेली, कुणी स्लायगोला. आमच्या मराठी मंडळाने त्यांच्यासाठी दर गुरुवारी दुपारी झूमवर भजन सुरू केलं. कुणाचा आवाज पुढे, कुणाचा मागे, टाळ तर कधीच एकत्र पडायचे नाहीत. पण आईला त्या गुरुवारची ओढ असायची, कारण भजन संपल्यावर गप्पा व्हायच्या आणि त्या गप्पांत तिला आमदाराचा विषय काढता यायचा.

मी औषधांच्या कारखान्यात आहे, तेव्हा मला रोज कामावर जावं लागायचं. माझं काम म्हणजे दुसऱ्यांनी भरलेल्या नोंदी तपासणं, कुणी न केलेलं काम केलं म्हणून लिहिलंय का ते बघणं. मी त्यात हुशार आहे असं आमच्याकडे मानतात. नवरा घरून सॉफ्टवेअरचं काम करायचा आणि आईचा दुपारचा चहा बघायचा. संध्याकाळी मी घरी आले की आधी अंघोळ, मग आईजवळ. खरं सांगायचं तर मला राग यायचा. पथ्य मी बघायचे, पाय मी चेपायचे, आणि सगळं कौतुक त्या सात तास मागे असलेल्या मुलाचं. हा राग मी तेव्हा कुणाला बोलले नाही, पण तो होता, आणि पुढे जे झालं त्यात त्याचा वाटा होता.

त्या वर्षी दादाच्या प्रदेशाने आपल्या सीमा बंद केल्या. त्यांच्या छोट्या गावांत ना डॉक्टर, ना दवाखाना. आजार शिरला असता तर गावंच्या गावं ओस पडली असती. नियम असा की प्रदेशाबाहेर गेलेल्या माणसाने परतल्यावर चौदा दिवस राजधानीतल्या ठरलेल्या हॉटेलात वेगळं राहायचं, मगच आपल्या गावी जायचं. गावांचा मंत्री म्हणून हे लोकांना पटवायचं काम दादाकडे आलं. तो रेडिओवरून रोज सांगायचा, घरी राहा, प्रवास टाळा, नियम सगळ्यांना सारखा आहे.

त्याच्याच मतदारसंघातल्या एका बाईची आई तेव्हा दक्षिणेतल्या मोठ्या शहरात इस्पितळात होती. बाईची मुलं लहान, घरात दुसरं माणूस नाही. तिने दादाला पत्र लिहिलं, की दोन दिवस मुलांना शेजाऱ्यांकडे ठेवून मी आईला भेटून येते, पण चौदा दिवस मला माझ्या घरातच वेगळं राहू द्या, हॉटेलात राहिले तर मुलांना कोण बघेल. दादाने नाही म्हणून कळवलं. एकीला सूट दिली तर दहा जण मागतील, असं त्याने विधानसभेत उभं राहून सांगितलं. ती बाई गेली नाही आणि तिची आई तिकडे एकटीच वारली. हे दादाने मला फोनवर सांगितलं तेव्हा त्याचा आवाज मंत्र्याचा होता. मीही म्हटलं, बरोबर केलंस, दुसरं काय करणार होतास.

सप्टेंबरात आईचे डोळे पिवळे दिसायला लागले. वॉटरफोर्डच्या इस्पितळात तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. डॉक्टर माझ्याच वयाची होती, मास्कच्या वर तिचे डोळे भरलेले दिसत होते, आणि ती शांतपणे म्हणाली की आता महिने मोजायचे, कदाचित आठवडे. आईला घरी आणलं. समोरच्या खोलीतला सोफा बाहेर काढून तिथे इस्पितळासारखा पलंग मांडला. एक नर्स दिवसाआड यायची. ती आईला बघून नेहमी 'ग्रँड' म्हणायची, म्हणजे इथल्या बोलीत छान चाललंय, आणि आईला इंग्रजीतला तेवढा एकच शब्द पुरेसा वाटायचा.

दादाला मी रोज फोन करायचे. ये म्हणून मी एकदाही म्हटलं नाही, पण फोन आईसमोर धरायचे, तिचा उतरलेला चेहरा त्याला नीट दिसेल असा. डिसेंबरच्या सुरुवातीला तो म्हणाला की येतोय. तिकडे कुणालाही न सांगता. परदेशी जायला कायद्याने बंदी नव्हती, पण लोकांना घरी बसवणारा मंत्री स्वतः विमानात बसला हे कळलं तर संपलंच. आठवड्यातून तीनदा मंत्र्यांची बैठक असायची, ती व्हिडिओवरच. तो इथून त्या बैठकांना बसणार होता आणि परतल्यावर गुपचूप आपले चौदा दिवस काढणार होता. तो मला म्हणाला, "हे बाहेर गेलं तर माझं सगळं गेलं. तुझ्या मंडळात एक अक्षर बोलायचं नाही." मी शप्पथ म्हटलं.

तो आला. इथला नियमही चौदा दिवसांचाच होता आणि तो त्याने पाळला, कुणी तपासायला येणार नव्हतं तरीही. वरच्या मजल्यावरच्या लहान खोलीत तो, खाली आई. ताट मी जिन्यावर ठेवायचे. आई झोपेतून उठली की हाक मारायची आणि हा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून बोलायचा. जिन्याला वळण असल्यामुळे दोघं एकमेकांना दिसायचे नाहीत. पंधराव्या दिवशी तो खाली आला तेव्हा आईने त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत उभी राहिले. मला त्या दोघांकडे बघवत नव्हतं, आणि का बघवत नव्हतं हे मला कळत होतं.

नाताळानंतर बैठका पुन्हा सुरू झाल्या. त्याच्याकडचे सकाळचे दहा म्हणजे आमच्याकडे संध्याकाळचे पाच. इथे पाचला काळोख, तिथे दहाला अजून उजाडलेलं नसतं, त्यामुळे खिडकीवरून कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. आईच्या हट्टामुळे तो स्वयंपाकघरातच बसायचा. मध्ये घडीचा दरवाजा, त्याच्या पलीकडे आईचा पलंग. पाठीमागे आमच्या स्वयंपाकघरातली पांढरी कपाटं, ज्यांना इथे प्रेस म्हणतात आणि आता आम्हीही म्हणतो. शर्ट, टाय, आणि खाली पायजमा. आई उशीला टेकून ऐकत राहायची. एक शब्द कळत नव्हता, पण आवाज आमदाराचा होता. एकदा बैठकीत कुणीतरी सहज विचारलं, आज काय थंडी आहे तुमच्याकडे. दादा म्हणाला, "उणे पस्तीस. गाडी चालू व्हायला तयार नाही." बाहेर वॉटरफोर्डचा भुरभुर पाऊस पडत होता. मी दारात उभी राहून ऐकलं आणि मला हसू आलं.

त्याच आठवड्यात गुरुवारच्या भजनानंतर आईने सांगून टाकलं. मी कामावर होते, नवरा वर मीटिंगमध्ये, दादा आंघोळीला गेलेला. माझा आमदार आलाय मला बघायला, ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत मंडळाच्या अध्यक्षबाईंचा मला फोन आला. त्या मूळच्या पुण्याच्या. "अगं, इतकी मोठी पर्सनॅलिटी आपल्या वॉटरफोर्डमध्ये आहे आणि तू बोलली पण नाहीस? संक्रांतीचा ऑनलाइन प्रोग्रॅम आहेच ना, त्यात दहा मिनिटं सत्कार करून टाकू. सिंपल."

तिथे मी 'नाही' म्हणू शकत होते. आईची तब्येत बरी नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण अध्यक्षबाईंच्या आवाजातला तो आदर मी पहिल्यांदाच ऐकत होते. या बाईंनी दोन वर्षांत मला कधी गणपतीच्या पूजेच्या ताटाला हात लावू दिला नव्हता. मी म्हटलं, आईला विचारते. आईला विचारलं म्हणजे झालंच. तिच्या अंगात उठून बसायची ताकद नव्हती, पण शाल कोणत्या रंगाची आणायची हे तिने लगेच सांगितलं.

दादा आधी नाहीच म्हणाला. मग तो आईजवळ जाऊन बसला. तिने त्याला बाबांच्या निवृत्तीचा तो दिवस पुन्हा पहिल्यापासून सांगितला, आमदार दोन तासांनी येतो म्हणाले, मग तीन तासांनी. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. दहा मिनिटं, तो म्हणाला, आणि सगळं मराठीत. तिकडे एकालाही मराठी कळत नाही, हा त्याचा आधार होता आणि माझाही. मराठीत बोललेलं घरातच राहतं, असं आम्हाला दोघांनाही मनापासून वाटत होतं. मग त्याने मला विचारलं, "रेकॉर्डिंग नाही ना होत? बाहेर कुठे दाखवत नाहीत ना?"

"नाही," मी म्हटलं. "तसं काही नसतं. घरच्यासारखंच आहे सगळं."

मी कुणाला विचारलं नव्हतं. विचारायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगितलं की आमदार चोरून आलाय हे अध्यक्षबाईंना कळलं असतं. मग कसला आदर आणि कसला सत्कार. दिवसभर दुसऱ्यांच्या खोट्या नोंदी पकडणारी मी, दोन शब्दांत आपल्या भावाला फसवून मोकळी झाले. तेव्हा मला ते खोटं वाटलंही नाही. बहुतेक नसेलच रेकॉर्डिंग, असं मी स्वतःला समजावलं.

सत्कार छान झाला, हे कबूल करायला हवं. आईला नर्सने उठवून बसवलं, गाऊनवरून मी तिला जांभळी पैठणी गुंडाळली. नारळ एशियन दुकानातून आणलेला, केशरी शाल माझ्याच कपाटातली, एकदाही न वापरलेली. पडद्यावर चाळीसेक घरं, हलव्याचे दागिने घातलेली मुलं, मागे कुणाचा तरी कुकर. अध्यक्षबाईंनी भाषण केलं, 'माननीय' शब्द सहा-सात वेळा आला. मग त्यांनी तिकडून म्हटलं, शाल आणि श्रीफळ, आणि इकडे आईने दादाच्या खांद्यावर शाल टाकली. तो पलंगाशी गुडघ्यावर बसला होता, म्हणून तिचा हात पोचला. आई म्हणाली, "ह्याचा बाप बघायला पाहिजे होता." एवढंच तिचं भाषण. सगळ्या खिडक्यांत लोक टाळ्या वाजवत होते. दादा रडला आणि मीही रडले. त्या दहा मिनिटांबद्दल मला आजही वाईट वाटत नाही, हीच माझी अडचण आहे.

कार्यक्रम फेसबुकवर थेट चालू होता. मंडळाने पत्रिकाही केली होती, मराठी वर आणि इंग्रजी खाली, माननीय मंत्री वॉटरफोर्डहून थेट आपल्या भेटीला. फोटो मीच पाठवला होता, फरची टोपी घातलेला, विधानसभेच्या पायऱ्यांवरचा. ती पत्रिका मला कार्यक्रमाच्या सकाळी दिसली. अध्यक्षबाईंना फोन करायला हवा होता. मी पत्रिका आईला दाखवली आणि फोन खाली ठेवून दिला.

त्याचं वाईट कुणीच चिंतलं नाही. टोरांटोच्या कुणा मराठी गृहस्थाने तो व्हिडिओ मोठ्या अभिमानाने पुढे पाठवला, आपला माणूस म्हणून. तिथून तो कॅनडातल्या भारतीयांच्या एका गटात गेला, तिथेही सगळ्यांनी हात जोडले. त्या गटात दादाच्या राजधानीत टॅक्सी चालवणारा एक पंजाबी होता. त्याने आपल्या गाडीत बसलेल्या कुणाला तरी कौतुकाने दाखवला, की बघा आपल्या मंत्र्याला आयर्लंडमध्ये किती मान आहे. तिसऱ्या दिवशी तिकडच्या रेडिओने दादाला फोन केला.

पुढचं आठवड्याभरात उरकलं. प्रवासापेक्षा त्या उणे पस्तीसने त्याला जास्त बुडवलं. गाडी चालू व्हायला तयार नाही, हे वाक्य बैठकीतल्या कुणीतरी बाहेर दिलं आणि रेडिओवर ते वाजत राहिलं. मंत्रिपद काढून घेण्याआधी त्याने ते सोडलं. आमदारकी ठेवता आली असती, दोन-तीन जण तसं सुचवतही होते. पण मतदारसंघातल्या त्या बाईची रेडिओवर मुलाखत झाली. दादाने ती आमच्या स्वयंपाकघरात बसून ऐकली. ती ओरडली नाही, शिवी दिली नाही. ती म्हणाली, मलाही त्यांच्यासारखंच करता आलं असतं, पण ते म्हणाले नियम सगळ्यांना सारखा आहे आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. दादाने त्याच संध्याकाळी आमदारकीचा राजीनामा लिहिला.

रेकॉर्डिंगबद्दल त्याने मला एकदाच विचारलं. तू विचारलं होतंस ना त्यांना? मी म्हटलं, विचारलं होतं, त्या नाही म्हणाल्या होत्या. म्हणजे आणखी एक खोटं, आणि ते बिचाऱ्या अध्यक्षबाईंच्या माथी. तो बरं म्हणाला. पुन्हा विषय काढला नाही.

आईला यातलं काही सांगायचं नाही, यावर मात्र आम्हा दोघांचं न बोलता एकमत झालं. तिचं खाणं थांबलं होतं. वेदना कमी करणाऱ्या औषधाच्या पंपामुळे ती अर्धी झोपेतच असायची. पण पाच वाजले की डोळे उघडायची आणि विचारायची, आज सभा नाही का? पहिल्या दिवशी दादा गोंधळला. मग वर गेला, शर्ट घातला, टाय बांधला, स्वयंपाकघरात जाऊन बसला आणि घडीचा दरवाजा ओढून घेतला. थोड्या वेळाने त्याचा आवाज यायला लागला. मी चहाच्या निमित्ताने आत गेले. लॅपटॉप मिटलेला होता. तो मिटलेल्या लॅपटॉपशी इंग्रजीत बोलत होता.

पुढे रोज तेच. पाच ते पावणेसहा. तो काय बोलायचा, ते आईला कळत नव्हतं, मला कळायचं. तो त्या बाईची माफी मागायचा. रोज वेगळ्या शब्दांत, रोज पहिल्यापासून. तुमचं पत्र मी एकदाच वाचलं, पुन्हा वाचायला हवं होतं. तुमची मुलं किती वर्षांची आहेत हे मला माहीत होतं. मध्येच थांबायचा, कुणीतरी प्रश्न विचारल्यासारखा, आणि उत्तर द्यायचा. आई पलीकडे पडून अभिमानाने ऐकायची. कधी मला म्हणायची, बघ कसा बोलतोय, बाप असा कधी बोलला नाही कुणापुढे. मी हो म्हणायचे आणि तिचे ओठ ओल्या कापसाने पुसायचे.

बाकीचा सगळा दिवस तो तिच्याजवळ असायचा. मंत्रिपद, आमदारकी, सगळं सोडून तो तिच्याजवळ बसला होता. रात्रीही तिथेच जमिनीवर गादी टाकून झोपायचा. फक्त तेवढा पाऊण तास तो तिथे नसायचा.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा. दुपारी नर्स येऊन गेली होती आणि त्या दिवशी 'ग्रँड' म्हणाली नव्हती. मला दारापर्यंत नेऊन तिने सांगितलं की श्वास बदललाय, आता एक-दोन दिवस. दादा म्हणाला, आज नको सभा. पण पाचला आईने डोळे उघडले आणि दाराकडे बघितलं. तो उठला, टाय बांधायला गेला.

साडेपाचच्या सुमारास तिच्या श्वासात अंतर पडायला लागलं. एक श्वास, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. मी घाबरून उठले आणि घडीच्या दरवाज्याकडे वळले. तिने माझं मनगट धरलं. इतक्या दिवसांत तिच्या हातात तेवढी ताकद मी पाहिली नव्हती.

"हाक मारू नगं," ती म्हणाली. "त्यो बोलायलाय."

दरवाज्यापलीकडून त्याचा आवाज येत होता. मी त्या क्षणी तिला सांगू शकत होते, की कुठलीही सभा नाही, तो आमदार नाही, तो रिकाम्या स्वयंपाकघरात एकटा बसलाय, त्याला बोलवू दे. फक्त दार ओढायचं होतं. मी तिचा हात हातात घेऊन पलंगाच्या कडेला बसले. तिने डोळे मिटून घेतले होते, पण तोंड त्याच्या आवाजाकडे होतं. मी आणखी एका श्वासाची वाट बघितली. मग आणखी थोडी. पलीकडे तो एका वाक्यात अडखळला, थांबला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

पावणेसहाला दादाने टाय सैल करत दार सरकवलं. माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. तो पलंगाशी आला, तिच्या गालाला हात लावला आणि तसाच ठेवला. किती वेळ झाला, त्याने विचारलं. मी म्हटलं, दहा मिनिटं. मग माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मी इथेच होतो ना गं. मला हाक का नाही मारलीस?"

"ती नको म्हणाली," मी सांगितलं. "म्हणाली, तुझी सभा चालू आहे."

त्या सबंध हिवाळ्यात मी त्याच्याशी खरं बोलले ते एवढंच.